रिसीव्हचा दिवा का विझेना

विजेच्या लाइनचं संरक्षण करणाऱ्या पेट्यांच्या सेटिंगच्या कागदावर एकूण १९ टायमर होते आणि त्यांतल्या ११ टायमरांपुढे कुणीतरी ‘डीफॉल्ट’ लिहून ठेवलं होतं. डीफॉल्ट म्हणजे पेटी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात जो आकडा होता तो. तो ठरवणाऱ्याने आमची लाइन पाहिलेली नव्हती, आमच्या ब्रेकरला, म्हणजे लाइन तोडणाऱ्या स्विचला, उघडायला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं आणि पलीकडच्या टोकाला कोणता रिले (लाइनवरचा फॉल्ट, म्हणजे बिघाड, ओळखणारी पेटी) आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तरीही तो शब्द वाचला की आपण निर्धास्त होतो. मीही झाले होते.

दोन सबस्टेशनांच्या मधली २२० केव्हीची डबल सर्किट लाइन, लांबी ९६ किलोमीटर, दोन्ही सर्किट एकाच टॉवरवर. जुने डिस्टन्स रिले (फॉल्ट किती लांब आहे ते मोजणारे) आणि जुने प्रोटेक्शन कपलर (दोन टोकांच्या रिलेंमधले निरोप नेणारे) एकाच वेळी बदलायचे ठरलं होतं. कॅरियर, म्हणजे निरोप वाहून नेणारा सिग्नल, त्याच लाइनच्या तारांवरून जाणारा, म्हणजे पीएलसीसी (पॉवर लाइन कॅरियर कम्युनिकेशन). वेव्ह ट्रॅप, कपलिंग कपॅसिटर, मॅचिंग युनिट हे सिग्नल लाइनवर चढवण्या-अडवण्याचं सगळं सामान जुनंच राहणार होतं. रिले आणि कपलर दोन्हींचे टायमर ठरवून द्यायचे, हे काम माझ्याकडे आलं. अशा कामाला आमच्याकडे ‘तेवढं सेटिंग टाकून ये’ म्हणतात.

कॅरियर कशाला लागतो ते थोडक्यात सांगते. डिस्टन्स रिलेचा झोन १, म्हणजे न थांबता ब्रेकर उघडणारा टप्पा, लाइनच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचेल असा ठेवतात. मोजमापात चूक झाली तर पलीकडच्या बसवरचा (सबस्टेशनमधल्या सामाईक वाहकावरचा) फॉल्ट आपला समजून तो ट्रिप, म्हणजे ब्रेकर उघडायचा हुकूम, देईल, ही भीती असते. राहिलेला २० टक्के भाग झोन २ मध्ये येतो, आणि झोन २ मुद्दाम तीनशे ते पाचशे मिलिसेकंद थांबतो. आमच्याकडे तो ४०० ला होता. तेवढा वेळ फॉल्ट पेटत ठेवणं परवडत नाही. म्हणून दोन्ही टोकांचे रिले एकमेकांना विचारतात. मला फॉल्ट पुढच्या दिशेला दिसतोय, तुलाही दिसतोय का? दोघांनाही आपापल्या पुढे दिसत असेल तर तो मधेच आहे, मग वाट न पाहता ट्रिप. ही परमिसिव्ह ओव्हररीच स्कीम. ‘मला दिसतोय’ हा निरोप, म्हणजेच ट्रिपची परवानगी, पोहोचवायचं काम कपलर करतो.

कपलर नेहमी एक गार्ड फ्रिक्वेन्सी पाठवत असतो. मी जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. कमांड आली की गार्ड सोडून तो ट्रिप फ्रिक्वेन्सीवर उडी मारतो आणि पॉवर वाढवतो. पलीकडचा रिसीव्हर गार्ड गेला का आणि ट्रिप आली का, हे दोन्ही तपासतो आणि मग कॉन्टॅक्ट बंद करतो. आमच्याकडे रिले संरक्षण विभागाचा, कपलर दूरसंचार विभागाचा, आणि दोघांना जोडणारी चार तारांची केबल कुणाचीच नाही. या लेखातली बरीचशी भानगड त्या केबलच्या दोन टोकांना आहे.

पहिला प्रश्न, निरोपाला किती वेळ लागतो? कपलरच्या पुस्तिकेत परमिसिव्ह कमांडसाठी १२ मिलिसेकंद लिहिलं होतं. जुन्या हिशेबाच्या कागदातही तोच आकडा होता, म्हणजे कुणीतरी पुस्तिकेतून उतरवलेला. मी ठरवलं की मोजायचं. दोन्ही टोकांच्या रिलेंना उपग्रहाच्या घड्याळाची वेळ मिळत होती, त्यामुळे एका टोकाच्या नोंदीतली ‘सेंड’ची वेळ दुसऱ्या टोकाच्या ‘रिसीव्ह’च्या वेळेतून सरळ वजा करता येत होती. दहा वेळा कमांड पाठवली. उत्तर आलं २६ मिलिसेकंद, एखाद्या वेळी २७.

९६ किलोमीटर जायला लहरीला जेमतेम ०.३२ मिलिसेकंद लागतो, तेव्हा लाइनच्या लांबीला दोष देण्यात अर्थ नव्हता. वेळ खाल्ली होती पेट्यांनी. रिलेने निर्णय घेतल्यापासून त्याचा आउटपुट कॉन्टॅक्ट प्रत्यक्ष चिकटायला ४. कपलरचे स्वतःचे १२, त्यातला मोठा हिस्सा फिल्टरचा. अरुंद पट्ट्यातला फिल्टर गोंगाट चांगला गाळतो, पण त्याला सिग्नल ओळखायला जास्त वेळ लागतो, हा सौदा कुणालाच चुकलेला नाही. पुढे रिलेच्या इनपुटचा डिबाउन्स, म्हणजे आलेला सिग्नल खरा मानण्याआधी थांबायचा वेळ, ४. झाले २०. उरलेले ६ कुठे गेले, हे शोधायला मला अर्धा दिवस लागला. पॅनेलच्या मागच्या बाजूला, ड्रॉइंगमध्ये नसलेला, एक छोटा ऑक्झिलरी रिले बसवलेला होता. कपलरचा एकच कॉन्टॅक्ट डिस्टन्स रिलेला, इव्हेंट रेकॉर्डरला आणि अलार्मच्या खिडकीला वाटून देण्यासाठी कुणीतरी पूर्वी केलेली सोय. नव्या कपलरला मोकळे कॉन्टॅक्ट भरपूर होते. रेकॉर्डर आणि अलार्म त्यांच्यावर हलवले, डिस्टन्स रिलेला सरळ जोडलं, आणि २६ चे २० झाले. सेटिंगला हात न लावता ६ मिलिसेकंद मिळाले याचा मला झालेला आनंद बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येणार नाही.

डिबाउन्सवर मी थोडी अडले. तो शून्य केला तर आणखी ४ मिलिसेकंद सुटतात. पण सबस्टेशनमधल्या लांब कंट्रोल केबलला स्वतःची कपॅसिटन्स असते. डीसी सप्लायची एक बाजू कुठे अर्थ झाली (जमिनीशी जोडली गेली) की त्या केबलमध्ये साठलेला चार्ज इनपुटमधून वाहतो आणि क्षणभर इनपुटला वाटतं की कुणीतरी कमांड दिली. तो क्षण फार छोटा असतो, पण शून्य डिबाउन्सला तेवढा पुरतो. आमच्याकडे पावसात अर्थ फॉल्टचा अलार्म येतोच. ४ ठेवले.

दूरसंचारचे साहेब, ज्यांच्याबरोबर मी हे काम करत होते, मुरलेले गृहस्थ. ते पलीकडच्या टोकाला, मी अलीकडे, मधे फोन. कपलरच्या रिसीव्हरचा संवेदनशीलपणा किती ठेवायचा यावर त्यांचं म्हणणं ठाम होतं. “मॅडम, तुम्हाला कमांड लवकर हवी असते. मला ती खोटी येऊ नये असं वाटतं. दोन्ही एकदम मिळत नाही.” खरंच आहे. आयईसी ६०८३४-१ या मानकातही वेग, सुरक्षितता आणि खात्री या तीन गोष्टी एकमेकींच्या विरोधात मोजायला सांगितल्या आहेत. गोंगाटाचे झटके देऊन किती खोट्या कमांड निघतात ते पाहायचं, आणि गोंगाट चालू असताना खऱ्या किती गळतात ते पाहायचं. परमिसिव्ह कमांड खोटी आली तरी स्थानिक रिलेला फॉल्ट दिसल्याशिवाय ट्रिप होत नाही, म्हणून तिथे थोडी घाई चालते. डायरेक्ट ट्रिप या दुसऱ्या कमांडला असा राखणदार नसतो. ती आली की ब्रेकर उघडलाच. म्हणून तिला जास्त वेळ तपासून घ्यायचं, असं आम्ही ठरवलं आणि तिच्या बाबतीत वाद झाला नाही.

गोंगाटाची परीक्षा आम्ही आयसोलेटर (हवेत उघडणारा मोठा स्विच) उघडून घेतली. बस जिवंत असताना आयसोलेटर हळूहळू उघडला की ठिणग्यांची जी लांबलचक फुरफुर होते, ती कॅरियरच्या पट्ट्यात अगदी मुसळधार पडते. सात वेळा उघडमीट केली. खोटी कमांड एकही नाही. दोनदा गार्ड मात्र क्षणभर गेला.

गार्ड जाण्याचंही एक टायमर असतं. कॅरियरचा निरोप ज्या तारेवरून जायचा तीच तार फॉल्टमध्ये सापडलेली असू शकते, म्हणजे पत्र न्यायला निघालेला माणूसच पुरात अडकावा तशी गत. अशा वेळी गार्ड गेला आणि ट्रिप फ्रिक्वेन्सीही आली नाही, तर कपलर थोडा वेळ ‘परवानगी आहे असं समजा’ म्हणतो. याला अनब्लॉकिंग म्हणतात. आमची खिडकी १५० मिलिसेकंदांची. तेवढ्यात स्थानिक रिलेला फॉल्ट पुढे दिसला तर ट्रिप, नाहीतर खिडकी बंद आणि चॅनल खराब असल्याचा अलार्म. गार्ड परत आल्यावरही लगेच विश्वास ठेवायचा नाही, काही वेळ तो टिकला तरच. हे दोन आकडे मी जसे होते तसे ठेवले. विचार करून ठेवले, म्हणून कागदावर ‘डीफॉल्ट’ खोडून तिथे आकडे लिहिले.

यानंतर एको. एका टोकाला जनरेशन कमी असेल किंवा ब्रेकर उघडाच असेल, तर तिथल्या रिलेला फॉल्ट दिसतच नाही, मग तो परवानगी कशी देणार? म्हणून नियम असा की, मला पलीकडून परवानगी आली आणि माझ्या मागे फॉल्ट नाही, तर मी तीच परवानगी परत पाठवतो. प्रतिध्वनीसारखं. आमच्या सेटिंगमध्ये रिसीव्ह ३० मिलिसेकंद टिकलं की एको सुटायचा आणि ८० मिलिसेकंद चालायचा. दोन्ही टोकांना ही सोय चालू होती, कारण रात्री जनरेशन कुठल्या बाजूला असेल याचा भरवसा नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी कपलरवरचं टेस्ट बटण एकदा दाबलं. एकच कमांड. माझ्या टोकाचा रिसीव्हचा दिवा लागला. आणि लागलेलाच राहिला.

“सोडलं का बटण?”

“कधीच सोडलं. मॅडम, माझा काउंटर बघा.”

“मी कसा बघू तुमचा काउंटर?”

“पळतोय. चारशे बावीस. तेवीस. थांबा, वाचता येत नाही इतका पळतोय.”

माझाही पळत होता. सेकंदाला आठच्या आसपास. माझा रिले त्यांना एको पाठवत होता, त्यांचा रिले त्या एकोचा एको मला, आणि मी पुन्हा त्यांना. दोन सबस्टेशनं ९६ किलोमीटरवरून एकमेकांना ‘हो’, ‘हो’, ‘हो’ म्हणत बसली होती. मी रिलेची एको सेवा बंद केली तेव्हा हे थांबलं.

हे होऊ नये म्हणूनच एक टायमर असतो. आपण स्वतः काही पाठवलं की पाठवणं संपल्यानंतर ठरावीक वेळ एको बंद. आमच्या कागदावर त्याच्यापुढे १० लिहिलं होतं आणि रिलेत १० च टाकलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं तरी चूक दिसेना. चूक आकड्यात नव्हतीच, एककात होती. जुना रिले टायमर सायकलमध्ये घ्यायचा. ५० हर्ट्झला १० सायकल म्हणजे २०० मिलिसेकंद. नवा रिले मिलिसेकंद घेतो. जुन्या सेटिंगचा आकडा ‘जसाच्या तसा’ नव्यात उतरवला आणि २०० चे १० झाले, दोन्ही टोकांना. कारण दोन्ही टोकांचे कागद एकाच कागदावरून काढलेले.

कागदावर हिशेब मांडला. मी शून्याला एको सोडला, तो ८० ला संपला, बंदी ९० ला उठली. पलीकडून त्यांचा एको मला ७० पासून दिसतोय. बंदी उठताच माझा ३० चा टायमर सुरू, १२० ला नवा एको. म्हणजे दर १२० मिलिसेकंदांनी एक, सेकंदाला आठ. काउंटरशी तंतोतंत जुळलं. २०० टाकलं, बटण दाबलं, दोन्हीकडे एक-एक कमांड आणि शांतता. बाकीचे सगळे टायमर त्याच रात्री एककासाठी पुन्हा तपासले. आणखी एक सापडला, सुदैवाने निरुपद्रवी.

इथे मी चुकले. हिशेब जुळला या समाधानात मी दिव्याचा विचारच केला नाही. प्रत्येक एको ८० मिलिसेकंदांचा आणि पुढचा १२० नंतर. म्हणजे मधे ४० मिलिसेकंदांची फट होती. रिसीव्हचा दिवा लुकलुकायला हवा होता. तो एकसारखा लागलेला होता. काउंटर मी बारकाईने पाहिला आणि दिव्याकडे नुसती नजर टाकली.

आठ दिवसांनी एंड-टू-एंड टेस्ट होती. दोन्ही टोकांना टेस्ट सेट, दोघांना उपग्रहाचं घड्याळ, दोन्हींत एकाच फॉल्टच्या दोन बाजू भरलेल्या, आणि ठरलेल्या सेकंदाला दोन्ही सेट एकदम सुटतात. रिलेंना वाटतं खरंच फॉल्ट आलाय. पहिले सहा प्रसंग सरळ गेले. लाइनच्या शेवटच्या भागातला फॉल्ट, दोन्ही टोकांना कॅरियरवर ट्रिप, वेळ हवी तशी. आमचे वरिष्ठ, सर, म्हणाले, “छान, आता करंट रिव्हर्सल घ्या आणि जेवायला चला.”

करंट रिव्हर्सल ही डबल सर्किट लाइनची खास अडचण. माझं टोक ‘अ’ म्हणू, साहेबांचं ‘ब’. फॉल्ट सर्किट २ वर, ‘ब’च्या अगदी जवळ. सर्किट १ निरोगी आहे. पण ‘अ’कडचा काही करंट सर्किट १ मधून ‘ब’ला जाऊन तिथून फॉल्टकडे वळतो. त्यामुळे सर्किट १ च्या ‘अ’ रिलेला फॉल्ट पुढे दिसतो आणि तो परवानगी पाठवतो. ‘ब’ रिलेला तो मागे दिसतो आणि तो गप्प बसतो. इथपर्यंत बरोबर. आता सर्किट २ चा ‘ब’कडचा ब्रेकर आधी उघडला. फॉल्टला आता फक्त ‘अ’ बाजूनेच करंट मिळणार, म्हणून सर्किट १ मधला करंट उलटा फिरतो, ‘ब’कडून ‘अ’कडे. ‘ब’ रिलेला फॉल्ट अचानक पुढे दिसू लागतो. ‘अ’ची परवानगी मात्र अजून पूर्ण विरलेली नसते. पुढे फॉल्ट अधिक परवानगी बरोबर ट्रिप. निरोगी लाइन गेली.

यावर उपाय म्हणजे गार्ड टायमर. कपलरच्या गार्ड फ्रिक्वेन्सीशी याचा संबंध नाही, हा रिलेतला. मागे फॉल्ट दिसत होता आणि आता दिसेनासा झाला, तर ‘ब’ने काही वेळ परवानगी पाठवायचीही नाही आणि आलेली मानायचीही नाही. तो वेळ किती? ‘अ’चा पुढचा घटक, म्हणजे पुढच्या दिशेचा फॉल्ट ओळखणारा भाग, रिसेट व्हायला जास्तीत जास्त २५. निरोप थांबल्याची बातमी ‘ब’पर्यंत पोहोचायला २०. त्यावर १५ ची मोकळीक. एकूण ६०. यातलं एकही डीफॉल्ट नव्हतं, सगळं माझं होतं. मी निवांत होते.

टेस्टमध्ये सर्वात वाईट प्रसंग घेतला होता. सर्किट २ चा कॅरियर बंद आहे, त्यामुळे तिचं ‘अ’ टोक झोन २ च्या ४०० मिलिसेकंदांनीच उघडेल, आणि तोपर्यंत उलटा करंट वाहत राहील. सेट सुटले. फोनवर साहेबांचा आवाज आला, “मॅडम, ट्रिप.”

“कुठली?”

“सर्किट एक.”

जेवण राहिलं. ‘ब’ रिलेची नोंद मागवली. मागचा घटक सुटला, तो क्षण शून्य धरला. २० च्या आसपास पुढचा घटक उचलला. रिसीव्ह चालूच. ६० ला गार्ड संपला. ६१ ला ट्रिप. रिसीव्ह खाली आलं १३८ ला.

१३८? माझ्या हिशेबात तो ४५ च्या आत जायला हवा होता. ‘अ’ची नोंद पाहिली. ‘अ’ रिलेने १९ व्या मिलिसेकंदाला पाठवणं थांबवलं होतं. म्हणजे रिले निर्दोष. निरोप बंद झाल्यावरही सुमारे १२० मिलिसेकंद ‘ब’ला दिसत होता. त्यातले २० मला ठाऊक होते. उरलेले १०० कुणाचे?

तेव्हा मला दिवा आठवला. त्या संध्याकाळी ४० मिलिसेकंदांची फट कुणीतरी भरून काढत होतं.

साहेबांना विचारलं, “तुमच्याकडे कमांड लांबवायचं काही सेटिंग आहे का, रिसीव्हच्या बाजूला?”

थोडा वेळ नुसता की-बोर्डचा आवाज. “एक्स्टेन्शन आहे. शंभर.”

“का?”

“असतंच. डायरेक्ट ट्रिपला ब्रेकरच्या कॉइलला पल्स पुरा मिळायला हवा ना. आणि बारीक पल्स रेकॉर्डरला कधी कधी दिसत नाही, मग तुमचेच लोक विचारतात कमांड आली होती की नाही.”

दोन्ही कारणं बरोबर होती. डायरेक्ट ट्रिपला एक्स्टेन्शन हवंच. पण नव्या कपलरला तीन कमांड होत्या. परमिसिव्ह, डायरेक्ट ट्रिप आणि ऑटोरिक्लोज लॉकआउट (ब्रेकर आपोआप पुन्हा जोडला जाऊ न देणारी). सॉफ्टवेअरमध्ये एकीचं सेटिंग भरून ‘सर्वांना लागू करा’ अशी सोय होती. ती वापरली गेली होती. डायरेक्ट ट्रिपचं १०० परमिसिव्हलाही चिकटलं. त्यांच्या कागदावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं, लपवलेलं काहीच नव्हतं. मी त्यांचा कागद मागितला होता, पण त्यातलं फक्त पोहोचण्याच्या वेळेचं पान वाचलं होतं. निरोप किती लवकर येतो, हे मी दहा दहा वेळा मोजलं. किती लवकर जातो, हे एकदाही मोजलं नाही. एको थांबवल्यानंतर एक साधी कमांड पाठवून रिसीव्हची लांबी पाहिली असती, तरी त्याच रात्री कळलं असतं.

सरांनी सोपा मार्ग सुचवला. “गार्ड १६० कर. सुटेल प्रश्न.” सुटला असता. पण दोन सर्किट एका टॉवरवर. वीज पडली तर आधी एका सर्किटवर ठिणगी पडून फॉल्ट होतो आणि काही मिलिसेकंदांनी दुसऱ्यावर, असं घडतं. तशा वेळी ‘ब’ रिले सर्किट २ चा फॉल्ट मागे पाहून गार्डमध्ये बसलेला असेल आणि सर्किट १ वर खरा फॉल्ट आला, तर तो परवानगी नाकारत १६० मिलिसेकंद बसून राहील. गार्ड जितका लांब, तितका तो काळ आपण कॅरियरशिवाय काढतो. तो आकडा वाढवून दुसऱ्या पेटीतली चूक झाकायची मला इच्छा नव्हती. साहेबांचं मत विचारलं. ते म्हणाले, “परमिसिव्हचं शून्य करू. पण मग रेकॉर्डरला दिसलं नाही म्हणून मला फोन करायचा नाही.” रेकॉर्डरचा कॉन्टॅक्ट आम्ही आधीच वेगळा केला होता. कपलरला प्रत्येक कॉन्टॅक्टचं एक्स्टेन्शन वेगळं देता येत होतं, तेव्हा रेकॉर्डरच्या कॉन्टॅक्टला १०० राहू दिलं आणि रिलेकडच्याला शून्य. डायरेक्ट ट्रिपचं १०० जसं होतं तसंच. दोघांचाही हट्ट पुरवला गेला.

तोच प्रसंग पुन्हा सोडला. रिसीव्ह ४१ ला खाली. गार्ड ६० ला संपला, तोवर मानायला परवानगीच उरली नव्हती. ट्रिप नाही. मग मुद्दाम आणखी वाईट करून पाहिलं. उलट्या दिशेने, म्हणजे फॉल्ट ‘अ’जवळ घेऊन. मग गार्ड चालू असताना सर्किट १ वर खरा फॉल्ट टाकून. शेवटच्या प्रसंगात ट्रिप उशिरा आली, पण आली, आणि उशीर बरोबर हिशेबाइतकाच होता. जेवायला चार वाजले.

सेटिंगचा कागद मी नव्याने केला. प्रत्येक आकड्यापुढे एकक. प्रत्येक टायमरला दोन रकाने, उचलायला किती आणि सुटायला किती. आणि रिलेच्या कागदाच्या शेवटी कपलरचे टायमर, कपलरच्या कागदाच्या शेवटी रिलेचे. दूरसंचारच्या कार्यालयातून एक आक्षेप आला की दुसऱ्या विभागाची सेटिंग आमच्या कागदावर कशाला. साहेबांनी त्याला परस्पर उत्तर दिलं, काय दिलं ते मला कळवलं नाही. कागद मंजूर झाला. ‘डीफॉल्ट’ हा शब्द त्यात दोन ठिकाणी उरला आहे, दोन्ही डिस्प्लेच्या प्रकाशाबद्दल.

लाइन चार्ज झाल्यावर काही आठवड्यांनी पहिलं मोठं वादळ आलं. रात्री सर्किट २ वर ‘ब’च्या जवळ वीज पडली आणि सर्किट २ ट्रिप होऊन ऑटोरिक्लोजने परत आली. सर्किट १ जागच्या जागी. सकाळी मी सर्किट १ ची नोंद काढली, कारण जी लाइन ट्रिप झाली नाही तिची नोंद सहसा कुणी पाहत नाही. ‘ब’ रिलेला आधी मागे, मग पुढे, अगदी टेस्टमधल्यासारखं. मागचा घटक सुटल्यापासून रिसीव्ह ३९ ला खाली आलं होतं. गार्ड संपायला २१ मिलिसेकंद बाकी.

सर नोंद पाहून म्हणाले, “२१ शिल्लक? मग ६० चे ५० करता येतील.”

“एका वादळावरून नको, सर.”

नोंदीचं चित्र मी साहेबांना पाठवलं, रिसीव्हच्या रेघेभोवती गोल करून. त्यांचं उत्तर दुपारी आलं. दिवा वेळेवर विझला, एवढंच.